गल्ल्यामागचं स्टूल

गेल्या अंकात बोलता बोलता मी एक वाक्य लिहून गेले होते, की मी सतरा वर्षं प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून काम केलं, त्यातली बरीचशी पुण्यात आणि शेवटची काही इथे बडोद्यात घरून. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली चार इथे घेतली आहेत. दुसऱ्या पत्राचं उत्तर बरंच लांबलं आहे. ते कमी करावंसं मला वाटलं नाही.

प्रश्न : मुलगा पुण्यात प्रॉडक्ट मॅनेजर झाला. आम्ही पेढे वाटले. पण शेजारी विचारतात, तो करतो काय, आणि मला नीट सांगता येत नाही. तो प्रोग्रॅम लिहीत नाही, माल विकत नाही, त्याच्या हाताखाली माणसं नाहीत. मी बँकेत नोकरी केली. माझ्या डोळ्यांसमोर मॅनेजर म्हणजे केबिन आणि सही. समजेल असं सांगाल का? प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात तो हाच का?
— एक वडील, वाडी, बडोदा

काका, आधी अभिनंदन. तुमच्या बँकेचंच उदाहरण घेऊ. मुदत ठेवीच्या फॉर्मवर नॉमिनीचा रकाना असायचा. म्हातारी माणसं तो कोरा सोडायची, आणि ती गेल्यावर त्यांच्या मुलांना हेलपाटे पडायचे. तुम्ही हे किती वेळा पाहिलं असेल! फॉर्म छापणारा त्याचं काम चोख करत होता, भरून घेणारा कारकूनही. पण रकाना कोरा का राहतो हे शोधायचं, तो कसा मांडला तर राहणार नाही ते ठरवायचं, आणि बदल केल्यावर खरंच फरक पडला का ते तपासायचं, हे कुणाच्याच टेबलावर नव्हतं. तुमच्या मुलाच्या टेबलावर नेमकं हेच आहे.

प्रोजेक्ट मॅनेजर वेगळा. ठरलेलं काम ठरलेल्या मुदतीत आणि पैशांत पार पाडणं ही त्याची जबाबदारी. ते काम मुळात करायचं का, हा प्रश्न तुमच्या मुलाचा. छोट्या कंपनीत दोन्ही एकाच माणसाच्या गळ्यात पडतं, ती गोष्ट निराळी. आणि हाताखाली माणसं नसतात हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. इंजिनिअर त्याचे नाहीत, विक्रीवाले त्याचे नाहीत, तरी सगळ्यांना एका दिशेला न्यायचं, ते फक्त पटवून. या कामातला सगळ्यात कठीण भाग तोच.

कामही तसं नवं नाही. १९३१ साली अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय नावाचा तरुण कॅमे साबणाची जाहिरात सांभाळत होता. त्याच कंपनीचा आयव्हरी साबण एवढा मोठा होता की कॅमेकडे कुणाचं पुरेसं लक्ष नसायचं. त्याने वरिष्ठांना तीन पानांचं टिपण लिहिलं, की प्रत्येक ब्रँडला स्वतःचा माणूस हवा, ज्याने विक्री कुठे पडली हे जागेवर जाऊन बघावं, कारण शोधावं आणि उपाय होईपर्यंत पाठ सोडू नये. आजच्या प्रॉडक्ट मॅनेजरची वंशावळ तिथपर्यंत जाते. तो तरुण पुढे अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला, हेही शेजाऱ्यांना सांगा.

प्रश्न : ताई, नमस्कार. वय २६. पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग नोकरी करत पदवी. मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) कारखान्यांना मालसाठा आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर देणाऱ्या एका छोट्या कंपनीत तीन वर्षं सपोर्टला आहे. दिवसभर फोन घेतो. मला प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचं आहे. सहा महिन्यांचा एक ऑनलाइन कोर्स आहे, फी एक लाख ऐंशी हजार, हप्ते करून देतात. आई म्हणते घे. एक मित्र म्हणतो एमबीएशिवाय कुणी दारात उभं करत नाही. दुसरा म्हणतो आधी कोडिंग शीक. मी कुठून सुरुवात करू? धाकटा भाऊ समजून सांगा.
— मांजलपूरचा एक वाचक

भाऊ म्हणालास, म्हणून सरळ अरेतुरे करते. हप्ते आत्ता बांधून घेऊ नकोस. का ते सांगते, पण त्याआधी एक गोष्ट ऐक.

२०१५ ची दिवाळी तोंडावर होती. मी तेव्हा ज्या कंपनीत होते ती छोट्या दुकानांसाठी टॅबलेटवर चालणारं बिलिंग बनवायची. बडोद्यातली काही फरसाणाची दुकानं आमची गिऱ्हाईकं होती. आमच्या आकड्यांत एक गंमत दिसायची. दिवसभर त्यांची बिलं तुरळक, आणि रात्री साडेनऊ वाजले की तासाभरात पन्नास-साठ बिलं एकदम. पुण्यातल्या मीटिंगमध्ये आम्ही अर्थ लावला, की फरसाणाला रात्री गर्दी होते. त्या वेळेला सर्व्हर कमी पडू नये म्हणून खर्चही मंजूर झाला. मी बडोद्याची. रावपुऱ्यात फरसाणाला गर्दी संध्याकाळी पाच ते आठ असते हे मला शाळेपासून माहीत. तरी त्या खोलीत, पडद्यावरचा आलेख बघत, मी मान डोलावली.

सणाला घरी आले तेव्हा त्यातल्याच एका दुकानात गेले आणि मालकाला म्हटलं, मला नुसतं बसू द्या. त्यांनी गल्ल्यामागे एक स्टूल दिलं. मी पाच वाजता बसले.

टॅबलेट भिंतीवरच्या खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेला होता. काउंटरवरचा माणूस उजव्या हाताने पापडी उचलायचा, डाव्या हाताने कागद ओढायचा, काट्यावर टाकायचा, दोन गाठिये कमी करायचा, पुडकं बांधायचा. मग टॅबलेटकडे वळून अनामिकेच्या मागच्या पेराने पिशवीवरून स्क्रीनला टोचायचा. एकदा, दोनदा, तीनदा. बोटाला तेल आणि बेसन. स्क्रीन ढिम्म. त्याने माझ्याकडे बघून म्हटलं, "बेन, हाथ तेलवाळा छे, आ सांभळतो ज नथी." आणि कानामागची पेन्सिल काढून वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लिहिलं : ५०० गां, २५० पा. कोपरा फाडला, गल्ल्याशेजारच्या डब्यात टाकला. पुढचं गिऱ्हाईक.

रात्री साडेनऊला मालकाचा मुलगा जेवून, हात धुऊन आला, डबा उपडा केला आणि सगळे कपटे एकेक करून टॅबलेटमध्ये भरायला बसला. हीच ती आमची रात्रीची गर्दी. मधल्या वेळात मी स्वतः पाहिलं, की घाईत एक कपटा पुडक्याच्या कागदाबरोबरच बांधला गेला. तेवढा हिशोब कुणाच्या तरी पापडीबरोबर घरी गेला.

आमच्या त्या ॲपमध्ये पदार्थ शोधायला सुंदर सर्चची सोय होती. टाइप करा, यादी येते. ती बनवायला दोन महिने लागले होते. परत गेल्यावर आम्ही ती त्या दुकानांसाठी बाजूला ठेवली आणि त्या जागी बारा मोठी चौकोनी बटणं दिली, पेराने दाबली तरी लागतील एवढी. खाली वजनाची तीन : १००, २५०, ५००. पहिल्या वेळी आम्ही बटणं अक्षरांच्या क्रमाने लावली आणि तेही जमलं नाही. त्या माणसाचं डोकं काचेच्या कपाटाच्या क्रमाने चालत होतं. डावीकडे गाठिये, मग पापडी, मग शेव, वर चेवडा. बटणं त्या क्रमाने लावली तेव्हा रात्रीचा डोंगर हळूहळू सपाट झाला आणि दिवसाची बिलं दिवसा दिसू लागली.

पुढे एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि काही वर्षांनी दुकानांत पैसे आल्याचं मोठ्याने सांगणारे डबे आले. ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला तो खिळ्यावरचा टॅबलेट आठवला. ज्याचे हात गुंतलेले आहेत, त्याला फोन बघायला लावायचं नाही, कानाने कळवायचं. गिऱ्हाइकाने "झाले बरं का पैसे" म्हणत दाखवलेल्या स्क्रीनवर भरवसा ठेवायचीही गरज उरत नाही. आज खंडेराव मार्केटमध्ये भाजीच्या गाडीवरही तो डबा बोलतो. ज्या कुणी तो काढला, ते कुठल्या तरी गल्ल्यामागे उभे राहिले असणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

आता तुझ्याकडे येते. आकडा सांगतो *कुठे* दुखतंय. *का* दुखतंय ते जवळ बसल्याशिवाय कळत नाही. जवळ बसायला मिळणं ही या धंद्यात दुर्मीळ गोष्ट आहे. मोठ्या कंपन्यांतले प्रॉडक्ट मॅनेजर गिऱ्हाइकाशी एक तास बोलायला मिळावा म्हणून आठवडे घालवतात. आणि तुला रोज तीस फोन येतात! तू ज्या खुर्चीवरून उठायला बघतो आहेस, तिच्यावर बसूनच निम्मं शिक्षण होणार आहे.

उद्या एक दोनशे पानी वही घे. प्रत्येक फोनची चार खण पाडून नोंद कर : कोण बोलत होतं, फोन केला त्या क्षणी त्याला काय उरकायचं होतं, आपलं सॉफ्टवेअर अडलं म्हणून त्याने मधल्या वेळात काय जुगाड केला, आणि हे याआधी किती वेळा झालं. तिसरा खण सगळ्यात मोलाचा. समजा स्टोअरकीपर म्हणतो, "रिपोर्ट निघत नाही." तुझ्या सिस्टिममध्ये ती तक्रार "रिपोर्ट एरर" म्हणून जाईल आणि कुणीतरी रिपोर्ट दुरुस्त करेल. पण तू विचारलंस, "मग काल काय केलंत?" तर तो सांगेल, "साहेब चार वाजता विचारतात किती पितळी रॉड शिल्लक, म्हणून मी रोज हाताने एक्सेलमध्ये उतरवून व्हॉट्सॲप करतो." म्हणजे त्याला रिपोर्ट नकोच आहे. पावणेचारला साहेबांच्या फोनवर एक ओळ जायला हवी आहे. हा शोध कुठल्याही कोर्सात शिकवून येत नाही. तो विचारण्याच्या सवयीने येतो.

विचारायचीही एक रीत आहे. "असं बटण दिलं तर वापराल का?" हे कधी विचारू नकोस. आपल्याकडे दारी आलेल्याला कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. सगळे हो म्हणतील, आणि बटण धूळ खात पडेल. शेवटचं केव्हा झालं, तेव्हा काय केलंत, त्याच्या आधी काय चाललं होतं, मग कुणाला फोन केलात, असं घडून गेलेलं विचार. आणि प्रश्न विचारून झाला की गप्प बस. लोक शांतता भरून काढायला जे बोलतात त्यात खरं सापडतं. अशी पन्नास माणसं लागत नाहीत. एकाच प्रकारच्या वापरणाऱ्यांपैकी पाच जणांना काम करताना पाहिलंस तर मोठ्या अडचणींतल्या बहुतेक समोर येतात.

महिनाभराने वही उलटून बघ. तीच गोष्ट वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा आलेली दिसेल. त्यातली एक निवड, आणि एका पानावर लिही : कुणाची अडचण, ती कधी येते, आज ते काय करतात, त्यात त्यांचं आणि आपल्या कंपनीचं काय नुकसान होतं, आणि सुटली हे आपण कशावरून ओळखणार. उपाय शेवटच्या दोन ओळींत. बहुतेक नवशिके उपायापासून सुरुवात करतात आणि मग त्याला शोभेल अशी अडचण शोधत बसतात. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलामुलींत जे पुढे गेले, त्यांच्यात मला एकच समान गोष्ट आढळली : त्यांचं हे एक पान वाचून इंजिनिअरला दुसरा प्रश्न विचारावा लागत नसे.

याच संदर्भात एक काम सांगते. एखाद्या रविवारी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जा. जाड काचेच्या जमिनी आणि लोखंडी मांडण्या बघ, त्या तर बघण्यासारख्या आहेतच. पण ती लायब्ररी मुळात का झाली हे समजून घे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलं शाळेत गेली. पण शाळा सुटल्यावर घरी वाचायला काही नाही, म्हणजे शिकलेलं विसरणार. शाळा काढल्याने काम संपलं असं महाराजांनी मानलं नाही. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावलं आणि गावागावांत वाचनालयांचं जाळं विणलं. शहरात येऊ न शकणाऱ्यांसाठी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गावोगाव जात. ज्यांना अक्षरओळखच नाही त्यांच्यासाठी चित्रं आणि दिव्याच्या उजेडाने पडद्यावर उमटणारे मॅजिक लँटर्नचे खेळ दाखवणारा वेगळा विभाग होता. बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय. आणि गावात वाचनालय हवं असेल तर ठरावीक रकमेचा एक हिस्सा गावाने उभा करायचा, मग एक प्रांत (जिल्हा) पंचायतीने आणि एक सरकारने घालायचा. फुकट दिलेल्याची किंमत राहत नाही, आणि गावाला खरंच हवंय का तेही त्यातून कळतं. वापरणारे किती प्रकारचे, प्रत्येकाची अडचण कोणती, दिलेली गोष्ट टिकेल कशी, हे सगळे प्रश्न शंभर वर्षांपूर्वी आपल्या गावात विचारले गेले आणि त्यांची उत्तरं लाकडी पेट्यांत भरून पाठवली गेली. मला माझं काम समजावून सांगायचं झालं की मी अजूनही याच पेट्यांपासून सुरुवात करते.

आकड्यांकडे पाठ फिरवू नकोस मात्र. मघाच्या गोष्टीत आकडा खोटा नव्हता, आमचा अर्थ चुकला. समजा डब्याची ऑर्डर घेणारं ॲप आहे. १००० लोकांनी उघडलं, ६४० जणांनी मेनू पाहिला, ६०० जणांनी डबा निवडला, २१० जणांनी पैसे भरले. नवखा माणूस पहिल्याच पायरीवरचे ३६० गेलेले बघून घाबरतो. पण त्यातले कित्येक नुसते डोकवायला आलेले असतात. डबा निवडून झाल्यावर, म्हणजे हवा आहे हे ठरल्यावर, ३९० जण का फिरले? तिथे बस. मग त्या ३९० जणांना फोड. नवे किती, जुने किती, कुठल्या फोनवरून, किती वाजता. अशी फोड करायला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, लागतं, आणि ते तुला यायलाच हवं. सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय आणि जॉइन, एवढं रोज संध्याकाळी तासभर दिलंस तर दोन महिन्यांत हातात येतं, तेही फुकट. तुमच्याच कंपनीच्या डेटाबेसची चाचणीसाठी ठेवलेली प्रत मागून घे. लोकांची खरी माहिती घरी नेऊ नकोस, हे बजावून सांगते.

कोडिंगबद्दल. प्रोग्रॅमर व्हायची गरज नाही. पण "एक छोटंसं बटण" टाकायला तीन आठवडे का लागतात हे समजायला हवं. नेटवर्क गेलं तर अर्धवट बिलाचं काय होतं, दोन जणांनी एकाच वेळी तोच साठा बदलला तर कुणाचा धरायचा, एपीआय म्हणजे काय, हे कळायला हवं. तुझ्या ऑफिसातल्या प्रोग्रॅमरबरोबर डबा खा आणि त्याला विचार, की या सॉफ्टवेअरचा कुठला भाग उघडायला तुला भीती वाटते. त्या एका उत्तरातून पुष्कळ कळेल.

एमबीएची गोष्ट खरी आहे आणि अर्धीही आहे. चांगल्या संस्थेतून केलं तर कॅम्पसवर दार उघडतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तुझ्या घरची परिस्थिती, वय आणि हातातलं काम बघता मी दोन वर्षं आणि तेवढा पैसा त्यात घाल असं म्हणणार नाही. कोर्सचं म्हणशील तर तिथे शब्द शिकवतात. रोडमॅप, बॅकलॉग, रिटेन्शन, एमव्हीपी. हे शब्द यायला हवेत, पण त्यांना एक लाख ऐंशी हजार पडत नाहीत. आणि "नोकरीची हमी" असं कुणी म्हणत असेल तर ती हमी कागदावर, अटींसकट मागून बघ.

सगळ्यात उशिरा जमणारी गोष्ट नाही म्हणायची. तुमच्या मालकाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक उद्या म्हणेल, आमच्या कंपनीचा लोगो प्रत्येक स्क्रीनवर फिरता हवा. मालक म्हणेल, करून टाका. तेव्हा तू वादात शिरू नकोस. वही काढ आणि दाखव : हे करायला दोन आठवडे, आणि त्या दोन आठवड्यांत चालान दोनदा छापलं जातं ते दुरुस्त करायचं काम मागे पडेल, ज्याचे गेल्या महिन्यात इतके फोन आलेत. ठरवणार मालकच. पण आत काय येतंय याबरोबर बाहेर काय जातंय हे त्याच्यासमोर ठेवणारा माणूस तू झालास, की तू ते काम करायला लागलास, मग खुर्चीवर पाटी काहीही असो.

सहा महिने असे गेले, की मालकाला सांग, एक लहानसं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्याकडे द्या. पावणेचारच्या त्या एका ओळीचंच असू दे. मग बाहेर अर्ज कर, थेट प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून नको. असोसिएट, प्रॉडक्ट ॲनालिस्ट किंवा बिझनेस ॲनालिस्ट म्हणून, आणि शक्यतो कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांत. तुला पितळी रॉड आणि जॉबवर्क चालान कळतं. ते कळणारी माणसं त्यांना सहजी मिळत नाहीत. मुलाखतीत ती वही बरोबर घेऊन जा. खरंच घेऊन जा, फोटो नको.

प्रश्न : मी ३९ वर्षांची. लग्नाआधी आणि नंतर मिळून आठ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, मग मुलगी आणि सासूबाईंचं आजारपण यात सात वर्षं घरी. आता परत कामाला लागायचंय आणि टेस्टिंगपेक्षा प्रॉडक्टचं काम जास्त आवडेल असं वाटतं. पण सात वर्षं रिकामी दिसतात. मधे फक्त आमच्या सोसायटीचं मेंटेनन्स चेकवरून यूपीआयवर आणायचं काम केलं, ८४ फ्लॅटचं. ते काही नोकरीत धरत नसतील.
— एक वाचक, कारेलीबाग

"फक्त" हा शब्द खोडून टाका. ८४ घरांची पैसे भरायची सवय बदलणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. कोण आधी तयार झालं, कोण अडून बसलं? वयस्करांसाठी चेकची पेटी आणखी काही महिने ठेवलीत का? पावती कशी पोचवली? कुणी दोनदा पैसे भरले तेव्हा काय केलंत? आज बसून आठवेल तसं लिहून काढा, आकड्यांसकट. पहिल्या महिन्यात किती घरं आली, सहाव्या महिन्यात किती. हीच तुमची मुलाखतीतली गोष्ट.

टेस्टिंगची आठ वर्षंही वाया गेलेली नाहीत. "असं झालं तर?" हा प्रश्न टेस्टरच्या रक्तात असतो आणि कित्येक प्रॉडक्ट मॅनेजरांकडे तो नसतो. मात्र सात वर्षांत साधनं बदलली आहेत, तेवढे दोन-तीन महिने त्यावर खर्च करा. जिरासारखी कामाची नोंद ठेवायची साधनं, फिग्मामध्ये कच्ची स्क्रीन काढणं, थोडं एसक्यूएल. पगार सुरुवातीला पूर्वीच्या मानाने कमी मिळेल, त्याला तयार राहा. पण "आधी तीन महिने बिनपगारी बघू" म्हणणाऱ्यांना नमस्कार करून परत या. सासूबाईंची सेवा केलीत ती सात वर्षं कुणाला समजावत बसू नका. विचारलं तर एका वाक्यात सांगा आणि सोसायटीच्या गोष्टीकडे वळा.

प्रश्न : मी कलाभवनला, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, तिसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. तुमचं हे काम म्हणजे सगळं लिहिणं आणि बोलणं, तेही इंग्रजीत, असं सीनियर सांगतात. माझं इंग्रजी कच्चं आहे. शिवाय आता एआय एका मिनिटात अख्खं डॉक्युमेंट लिहून देतं. मग मी हे शिकून उपयोग काय?
— एक विद्यार्थी, दांडिया बाजार

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी सापडतं. एआयला तू सांगितलंस की फरसाणाच्या दुकानासाठी बिलिंग ॲपचं डॉक्युमेंट लिही, तर ते छान इंग्रजीत लिहून देईल. त्यात सर्चही असेल. टॅबलेट खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेला आहे आणि माणूस पेराने टोचतोय, हे त्यात नसेल, कारण ते कुणीतरी जाऊन पाहून त्याला सांगायला हवं. पाहिल्यावर मग ते इंग्रजी नीट करायला खुशाल वापर. मीही वापरते.

आणि मराठी ही अडचण समजू नकोस. दुकानदार, स्टोअरकीपर, रिक्षावाले तुझ्याशी मराठीत, गुजरातीत, हिंदीत बोलणार आहेत. बडोद्यात वाढलेल्या मुलाला या तिन्ही भाषा येतात. ही शिदोरी बाहेरून आलेल्याला वर्षानुवर्षं कमवता येत नाही. विचार मराठीत कर, पान आधी मराठीत लिही. अडचण मराठीत स्वच्छ मांडता आली की इंग्रजीत लहान लहान वाक्यं पुरतात. इंग्रजीसाठी रोज एक ईमेल लिहायचा सराव ठेव, पाच ओळींचा, काय झालं, काय हवंय, कधीपर्यंत. या धंद्यात इंग्रजीचा सगळ्यात जास्त वापर त्याच पाच ओळींत होतो.

एक काम देते. तुमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये दुपारच्या सुट्टीत तीन दिवस कूपनच्या खिडकीपाशी उभा राहा. कुणाशी बोलू नकोस, नुसतं बघ आणि लिही. रांग कुठे तुंबते, सुट्ट्या पैशांवर की पदार्थ ठरवण्यावर? खिडकीतला माणूस मान कुठे वळवतो? कोण रांग सोडून निघून जातं, आणि ते कितव्या मिनिटाला? चौथ्या दिवशी त्यातल्या दोघांशी बोल. मग एक पान लिहून अंकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठव. मराठीत, हाताने लिहिलेलं चालेल. मी वाचून, समासात लिहून परत पाठवीन. एका पानापेक्षा मोठं नको.